भाऊजी आणि निळी स्क्रीन

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पाठीमागे सगळे 'कळलं-कळलं' म्हणतात. समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की हे हात वर करून म्हणणार, "कळलं, कळलं." लग्न ठरतानाही यांनी ताईचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. आम्ही तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

नोकरीत ते 'संगणक विभाग बघत'. म्हणजे प्रिंटरची शाई संपली की मागवत. निवृत्तीनंतर बघायला विभाग उरला नाही, तेव्हा त्यांची कृपादृष्टी ताईच्या कामाकडे वळली. ताई घराच्या पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन चालवते. शाळांचे बिल्ले, गणवेशांवरची चिन्हं, हॉटेलांच्या रुमालांवरची नावं. प्रत्येक डिझाइनचा टाका न् टाका तिनेच संगणकावर बसवलेला. ते डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, फक्त जुन्या विंडोजवर चालणारं. भाऊजींनी कुठेतरी वाचलं, अर्थात निम्मंच, की विंडोज वापरणं हे अडाण्याचं लक्षण. झालं, विंडोज काढून बसवलं लिनक्स. मग लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात आणखी एक लटका संगणक, त्यात जुनं विंडोज आणि त्यात ताईची सगळी डिझाइनं. घास सरळ तोंडात घालायचा सोडून डोक्यामागून हात फिरवायचा, याला आमच्याकडे तंत्रज्ञान म्हणतात.

त्या रविवारी मी गेले तर ताई दारातच उभी. लिनक्स अपडेट झालं होतं आणि व्हर्च्युअल मशीन उठत नव्हतं. सोमवारी एका शाळेचे बिल्ले द्यायचे होते.

"डिझाइनांची दुसरी प्रत असेल ना?" मी विचारलं.

"यांना सांगितलं होतं घ्यायला. 'कळलं' म्हणाले होते."

आत भाऊजी खुर्चीत रेलून बसले होते. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर काढून त्यांनी पुन्हा बसवलं होतं, तरी ते चालेना. बसवताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, यांनी ठरवला आणि संगणक बंद करून चालू केला. एक निळी स्क्रीन आली. मी पहिला शब्द वाचेपर्यंत यांनी एंटर मारलं.

"भाऊजी, काय होतं ते?"

"काही नाही गं, स्वागताची स्क्रीन. एंटर मारायचं, पुढे जायचं."

पुढे जाऊन व्हर्च्युअल मशीन चालू केलं तर पुन्हा तीच एरर, मोठी चौकट भरून मजकूर. यांनी तीही बंद केली.

"वाचा तरी!"

"एरर वाचायची नसते, घालवायची असते," भाऊजी म्हणाले. हा माणूस इतकी वर्षं पगार कशाचा घेत होता, देव जाणे.

ताई आणि मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. तेवढी उसंत त्यांना पुरली. परत आलो तर चेहरा खुललेला. "मुळापासून साफसफाई केली. इंटरनेटवर एकाने संगणकाला द्यायचा आदेश लिहून दिलाय, जसाच्या तसा चिकटवला. आता नव्याने बसवतोय."

पुन्हा पासवर्ड, पुन्हा निळी स्क्रीन. या वेळी मी त्यांचा हातच धरला आणि वाचलं. सॉफ्टवेअरचा एक भाग लिनक्सच्या गाभ्यात शिरतो, त्याला आत घ्यायची परवानगी ती स्क्रीन मागत होती. पहिली ओळ होती, तसंच पुढे जा. दुसरी, किल्ली नोंदवा, म्हणजे परवानगी द्या. भाऊजी सकाळपासून दर वेळी पहिलीवरच एंटर मारून परवानगी नाकारत होते आणि मग आत कुणी येत नाही म्हणून बोंबलत होते. मी दुसरी ओळ निवडली, त्यांना पासवर्ड विचारला. त्यांचं स्वतःचंच नाव होतं, दुसरं कुणाचं असणार?

सॉफ्टवेअर उघडलं. भाऊजींनी टाळी वाजवली. "झालं की नाही? म्हटलं नव्हतं मी?"

ताई स्क्रीनजवळ वाकली. डावीकडे जिथे तिच्या व्हर्च्युअल मशीनचं नाव दिसायचं, ती जागा कोरी होती.

"अहो, माझं मशीन कुठंय?"

भाऊजींनी ज्या पानावरून तो आदेश उचलला, ते मी उघडलं. आदेशाच्या खालीच लिहिलं होतं की याने जुनी व्हर्च्युअल मशीनं सगळ्या मजकुरासकट कायमची पुसली जातात, आधी प्रत घ्या.

"इतकं खालचं कोण वाचतं?" भाऊजी म्हणाले. अपराध्याच्या नव्हे, तक्रारीच्या सुरात.

सकाळी ती निळी स्क्रीन नुसती वाचली असती, तर साफसफाईची गरजच नव्हती. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली नाही. नुसती किळस आली. ताईने खोलीभर लावलेल्या नमुन्याच्या बिल्ल्यांकडे पाहिलं. ते कापडावर होते तेवढेच उरले होते. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"अहो, उठा त्या खुर्चीवरून."

"अगं, घाबरू नकोस. पुसलेलं परत आणायचं एक सॉफ्टवेअर असतं, मी आत्ता ते बसवून—"

"कळलं," ताई म्हणाली. "कळलं. उठा."

वाक्य तसंच अर्धं सोडून भाऊजी उठले.