सरीतला मासा

उसाच्या सरीत आज बोटाएवढा मासा तडफडत होता. तळ्यात सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला बांधलेलं लुगडं फाटलं असणार. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि उसाला तहान असो-नसो, पाणी ओतत राहते. तळं मागं सरकलं की आम्ही पाइप वाढवतो. तळं कुणी चोरलं नाही. आम्ही फक्त त्याच्या मागं मागं जात राहिलो. तिथले बगळेही आता आमच्या सरीत उभे असतात.

"सोडून या की तळ्यात," शेजारच्या मालनवहिनी म्हणाल्या.

सरीतल्या पाण्यासकट मासा ओंजळीत घेऊन मी पाइपाच्या कडेकडेनं निघालो. पाइप संपला तिथं त्याचं तोंड चिखलातून नुसती हवा ओढत होतं. माझ्या ओंजळीत होतं तेवढंही पाणी तिथं नव्हतं.