विषय क्रमांक एक

मला एका जागी बसवत नाही. शिवणाच्या मशीनवर पाय चालू असतात, म्हणून तेवढं जमतं. नुसत्या खुर्चीवर दहा मिनिटं बसायचं म्हटलं की गुडघे आपोआप हलायला लागतात. अशा बाईला लोकांनी पाच वर्षं नगरपालिकेच्या सभागृहात बसायला पाठवलं, हे माझ्या सासरी अजूनही हसत सांगतात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बायकांसाठी राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या आणि जळगाव-धुळ्याच्या मधल्या आमच्या लहानशा गावात पुढाऱ्यांची धावपळ उडाली होती. उभी करायला बाई आणायची कुठून? मी ब्लाउज शिवायची. अख्ख्या वॉर्डातल्या बायकांची मापं माझ्या वहीत होती. माप घेता घेता मतही मागता येईल, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार. माझे मिस्टर कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात होते. ते म्हणाले, "सही करायची आणि घरी यायचं. तिथे शहाणपणा करायला जाऊ नको." मी निवडून आले, आणि पहिले सहा महिने तंतोतंत तेवढंच केलं.

सभा दुपारी तीनला असायची. विषय क्रमांक एक ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी कोण काय बोललं, काय ठरलं आणि त्यावर नगरपालिकेनं पुढे काय केलं, हे सभालिपिकानं पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं. आम्ही ते ऐकायचं, आणि खरं असेल तरच मान डोलवायची. नगरपालिकेला जाब विचारायची खरी जागा तीच. पण लिपिक पुस्तक उघडून घसा साफ करतो न करतो तोच मागच्या बाकांवरून आवाज यायचा, "वाचल्याचं समजा." दोन्ही बाजूंचे लोक एरवी एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण या एका बाबतीत त्यांचं गूळपीठ होतं. सगळ्यांना चहाच्या आत विषय संपवायचे असायचे.

वाचल्याचं समजलं, तरी ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. हा पहिला ठराव बिनधोक, त्यात भांडण नाही. म्हणून तो आम्हा नव्या बायकांना वाटून द्यायची रीत पडली होती. एकदा हिचं नाव, एकदा तिचं. बिचाऱ्या बोलत नाहीत, निदान पुस्तकात नाव तरी येऊ दे, असा तो मोठेपणा. आणि आम्ही त्यावर खूश. आपला नंबर कधी लागतो याची मीही वाट पाहायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या गल्लीत नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, आणि त्या उन्हाळ्यात त्याला वास यायला लागला. नळाचा पाइप गटारातून गेलेला होता आणि तो गळत होता. बायका ब्लाउज न्यायला यायच्या आणि पाण्याबद्दल बोलून जायच्या. शेवटी मी सभेत उठले. आवाज चिरकला, पण बोलले. मुख्याधिकारी शांतपणे म्हणाले, "आठ दिवसांत काम होईल, ताई." मी खाली बसले तेव्हा मला वाटलं, गड जिंकला. घरी येऊन तीन-चार जणींना मी ते शब्दशः ऐकवलं.

लग्नसराई होती. माझ्यापुढे कापडांचा ढीग होता. एका दुपारी पाणीपुरवठ्याची दोन माणसं गल्लीत आली, गटारावरची फरशी सरकवली आणि तासाभरात गेली. मी खिडकीतून पाहिलं, दोरा दातानं तोडला आणि पुढची बाही लावायला घेतली. पुढच्या सभेला जिन्यात लिपिक भेटला. "काम झालं, अक्का. तुम्ही पाहिलंच असेल." मी मान हलवली. वर गेल्यावर कळलं, विषय क्रमांक एकला आज माझा नंबर. "वाचल्याचं समजा," मागून आवाज आला. "सूचक?" लिपिकानं माझ्याकडे पाहिलं. मी अर्धवट उठून हो म्हटलं. त्या संध्याकाळी मिस्टरांनी शेव आणली.

जिजी माझ्या शेजारची, घरात सगळी अहिराणी बोलणारी. तिचा मुलगा हातगाडी ओढायचा, सून सहाव्या महिन्यात होती. पंधरा-वीस दिवसांनी ती सून ब्लाउज उसवून ढिला करून घ्यायला आली. दारातल्या उजेडात उभी राहिली, आणि मी टेप खांद्यावर टाकताना सहज तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पांढऱ्याचं पिवळं झालं होतं. "उलट्या होतात का गं?" म्हटलं. म्हणाली, "त्या तं व्हतसच ना अक्का, दिवस जायेल शेत." त्याच आठवड्यात गल्लीत आणखी चार घरांत कावीळ निघाली. जिजी सुनेला आधी कुठल्याशा खेड्यात झाडपाल्याचं औषध द्यायला घेऊन गेली. मी भांडभांड भांडले तेव्हा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एसटीत बसताना त्या पोरीला धड उभं राहता येत नव्हतं.

मी तशीच नगरपालिकेत गेले. गल्लीचं पाणी बंद करा, पाइप बदला, तोवर टँकर द्या. मुख्याधिकाऱ्यांनी इतिवृत्ताचं पुस्तक मागवलं, पान काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. 'सदर गळती दुरुस्त करण्यात आली असून, संबंधित सदस्यांनी समक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केले.' खाली ठराव सर्वानुमते कायम. सूचक म्हणून माझं नाव, सुरेख अक्षरात.

"मी नाही पाहणी केली," मी म्हटलं.

"पण कायम तुम्हीच केलंय, ताई. रेकॉर्डप्रमाणे तिथे गळती नाही. टँकर कशाच्या आधारावर देऊ? पुढच्या सभेत मांडा."

माणूस उद्धटपणे बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. मी जिना उतरले. राग त्याच्यावर होता, लिपिकावर होता, पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला होता.

सभा बारा दिवसांवर होती. ते बारा दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. मशीनवरसुद्धा बसवेना. आधी जिजीच्या मुलाला घेऊन गटारावरची फरशी उचलली. पाइपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून वर गोणपाट बांधलं होतं, आणि ते सगळं काळ्या पाण्यात बुडालेलं. पाहणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग घरोघर हिंडले, पाणी उकळून प्या म्हणून. एकीनं विचारलं, "उकाळाले रॉकेल कोठेन आनू, अक्का?" मी पुढच्या दाराकडे वळले. काम अडलंय कुठे, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, नगरपालिकेत. ते खरंच होतं, पण त्यात मी होते हे मी सांगत नव्हते. जिजीचा मुलगा एक दिवसाआड धुळ्याहून यायचा. त्याला काही विचारायच्या आधी मी त्याचा चेहरा पाहायची.

विरोधी बाकावर एक आबा होते, निवृत्त मास्तर. आमच्या लोकांनी त्यांच्याशी बोलायचं नाही असं बजावलं होतं. मी सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. ते म्हणाले, "कायम झालेलं पान फाडता येत नाही. पण नव्या पानावर लिहून घेता येतं. एकदा लिहिलं की ते जळगावला कलेक्टरांकडे पाठवता येतं, मग इथे कोणाला झोप लागणार नाही. फक्त तुम्हाला सांगावं लागेल, की मी न पाहता हो म्हटलं. भर सभेत. जमेल?" मी विचारलं, "तुम्ही दहा वर्षं तिथे बसताय आबा, तुम्ही का नाही कधी वाचायला लावलं?" त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "सुरुवातीला लावायचो," म्हणाले. "मग चहा थंड व्हायला लागला."

सभेच्या दिवशी लिपिकानं पुस्तक उघडलं. मागून आवाज आला, "वाचल्याचं समजा." मी उभी राहिले आणि म्हटलं, "वाचा." लिपिकानं अध्यक्षांकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, अक्कांना आज शिवण कमी दिसतंय. हशा झाला. मी पुन्हा म्हटलं, "वाचा. सगळं." अध्यक्ष पुटपुटले, पण नियमाला नाही म्हणता येईना. लिपिक वाचत गेला. मोठ्यानं वाचायची सवयच नसल्यामुळे तो अडखळत होता. तीन ठिकाणी सदस्यांनीच एकमेकांकडे पाहिलं. एका वॉर्डात तर न बसवलेले दिवे लागलेले निघाले.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, मागच्या सभेत कायम झालेल्या इतिवृत्तात माझ्या वॉर्डातली पाहणी खोटी आहे. मी ती केली नव्हती, आणि न ऐकता, न पाहता ते कायम करायची सूचना मीच दिली. त्यामुळे गल्लीत पाच घरांत कावीळ आहे. हे माझ्या नावानं लिहा. अध्यक्ष म्हणाले, "ताई, स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." मी म्हटलं, "पडू द्या. पण लिहा." मी खाली बसले नाही. लिपिकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि त्याचं शेवटचं वाक्य पूर्ण होईपर्यंत हलले नाही. आबा अनुमोदक झाले. मिस्टर आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नवा पाइप आला, गटाराच्या वरून. काम चालू होतं तोवर मी उन्हात उभी होते, सांध्याला हात लावून पाहिला, तेव्हा माणसांना जाऊ दिलं. एवढं सगळं तीन दिवसांत होऊ शकत होतं, याचाच मला जास्त संताप आला.

जिजीची सून त्यानंतर आठवड्यानं धुळ्याहून परत आली. ती जगली. मूल गेलं, मुलगा होता. मी दोन दिवस त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्या दिवशी जिजीच माझ्याकडे आली. सभेतलं तिच्या कानावर गेलं होतं. ती खाली बसली नाही.

"त्या पुस्तकमा पाइप चांगला शे असं लिखेल व्हतं, आनि तू हो म्हनी, हाई खरं शे का?"

"खरं आहे जिजी."

"वाचं नव्हतं तू?"

"नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि तिनं द्याव्यात असंच मला वाटत होतं. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"माले वाचता येत नही," ती म्हणाली. "म्हनीसन तुले धाडं व्हतं तठे."