आचाऱ्यांचा ऱ्य

कोपरीत आमच्या चाळीखाली रचनाताईंचं डीटीपीचं दुकान आहे. त्यांचे वडील दगडूबाबा म्हणजे लग्नाकार्यातले पट्टीचे आचारी. त्यांच्या सत्काराची पत्रिका ताई टाइप करायला बसल्या, तर नव्या कॉम्प्युटरवर आपला ऱ्य उमटेचना. "आचाऱ्यांचा सत्कार" लिहिलं की "आचार्यांचा सत्कार" व्हायचं!

"राहू दे गं, मान वाढला माझा," बाबा हसले.

ताई भडकल्या. "तुम्ही आचारी आहात. उसना मान हवाय कोणाला?"

त्यांनी ते अक्षर हाताने काढून पत्रिका छापली. पुढे कितीतरी वर्षं ताई कॉम्प्युटर-मोबाईलच्या कंपन्यांना मेल पाठवत राहिल्या, आमचं अक्षर द्या म्हणून.

लोकांना चांद्रयान उतरलं तो दिवस आठवतो. आमच्या चाळीला त्याच्या आधीचा एक दिवसही आठवतो. नव्या मोबाईलवर ताईंनी "आचाऱ्यांना नमस्कार" लिहिलं आणि ऱ्य जसाच्या तसा उमटला. मेसेज वाचून बाबा आतून ओरडले, "अगं, मोबाईलला आचारी कळला!"

संध्याकाळी अख्ख्या चाळीने शिरा खाल्ला. आचाऱ्यांच्या हातचा.