सदर लेखक पाहिजेत

कचेरीत बत्तीस वर्षं खर्डे लिहून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कना सगळे बाबतराव म्हणत. पाणी मागतानाही हा गृहस्थ ‘पाणी मिळणेबाबत’ म्हणायचा, आता बोला!

निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्राला पत्रं लिहू लागले. तुंबलेलं गटार, बंद दिवा. मेहुणा ‘रिकामटेकडे’ म्हणायचा, ते बायकोच्या जिव्हारी लागायचं.

एका रविवारी त्यांचं गटाराचं पत्र छापून आलं आणि नेमकी त्याच्याखालीच चौकट: ‘सदर लेखक पाहिजेत. कार्यालयात भेटावे.’

आता, कचेरीत ‘सदर’ म्हणजे ‘वर उल्लेखलेला’. सदर इसम, सदर अर्ज. वर्तमानपत्रात मात्र सदर म्हणजे दर आठवड्याला ठरल्या जागी येणारं लिखाण, आणि ते लिहितो तो सदरलेखक, एका शब्दात. पण चौकट जुळवणाऱ्यानं मध्ये जागा सोडली होती.

“अगं, मलाच बोलावलंय! आणि ‘पाहिजेत’, आदरार्थी!”

बायकोनं आधी भावाला फोन केला. “रिकामटेकडे म्हणत होतास ना? संपादकांचं अडलंय त्यांच्यावाचून!” मग इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

संपादक भला माणूस. घोटाळा कळल्यावर त्यानं हसू दाबलं. “चूक आमचीच. पण आलाच आहात तर लिहून दाखवा. चारशे शब्द. जमलं तर दर रविवारी तुम्ही.”

“विषय?”

“तुमचा तुम्ही ठरवा.”

झालं! बत्तीस वर्षं विषय वरून येत होता. तो नसला तर गटार तरी होतं. बाबतरावांनी सवयीनं ‘महोदय’ लिहिलं, खाली ‘विषय :’ लिहिलं आणि पेन थांबलं. तासभर थांबलं. गार झालेला चहा त्यांनी दोनदा ढवळला. घरी जाऊन काय तोंड दाखवायचं?

शेवटी माणूस खरं तेच लिहून मोकळा झाला: ‘विषय : सदर लेखकास विषय सुचत नसलेबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर की, सदर लेखकाने आयुष्यभर इतरांचेच म्हणणे शुद्ध भाषेत मांडले असून, स्वतःचे काही म्हणणे असल्याचे दफ्तरी आढळून येत नाही.’

संपादकाला आधी हसू आलं. मग त्यानं कागद पुन्हा वाचला.

“बाबतराव, बत्तीस वर्षांत असं काही लिहिलं नसेल तुम्ही. रविवारी छापतो.”

बाबतरावांनी कागद झटकन ओढून घेतला.

“नको हो साहेब. घरी ही वाचते.”