मामांच्या नावावर खोडलेली ओळ

जगातला सगळ्यात घाबरट माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, आणि त्या माणसाला त्याच्या सगळ्या भीतींहून मोठी भीती मी घातली, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं गमतीचं वाटेल आणि त्या गमतीतून मी अलगद निसटून जाईन.

मामा डिलाईल रोडच्या चाळीत एकटे राहतात. शिवडीच्या गोदामात त्यांची सगळी नोकरी झाली. पोती कोसळताना, दोर तुटताना, ट्रक न बघता मागे येताना त्यांनी इतकं पाहिलं, की निवृत्त झाल्यावर ते घरातही सूचना लावू लागले. गॅसपाशी 'बंद केलास?', दाराच्या आतून 'किल्ली घेतलीस?', मोरीवर 'ओलं आहे'. मोरी ओली नसते असा दिवस कुठला, असं मी एकदा विचारलं. "जावयबापू," ते म्हणाले, "पडणारो माणूस ह्याच म्हणता." शेजारी सत्यनारायण असला, तर प्रसाद हातात घेण्याआधी ते केळ्यांच्या साली कुठे टाकल्या आहेत याची चौकशी करतात.

असा माणूस ट्रक चालवण्याच्या एका जुन्या कॉम्प्युटर गेमच्या नादी लागला. त्यातले मूळचे रस्ते परदेशातले, पण हौशी लोक त्यात स्वतः बनवलेली भर घालतात. तिला मॉड म्हणतात. कुणी त्यात कोकणातला घाट आणला, कुणी लाल एसटी. ही भर कशी बसवायची याची मराठी पानं ही मंडळी इंटरनेटवर मिळून लिहितात. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. मामांनी स्वतः त्या घाटात कधी ताशी वीसच्या वर ट्रक नेला नाही, आणि समोर कुणी नसलं तरी प्रत्येक वळणावर हॉर्न दिला. पण पानं लिहावीत तर त्यांनीच. 'फाइल उघडा'च्या आधी त्यांचं 'हात कोरडे करा' असायचं. एक इशारा तर त्यांनी एकाच पानावर तीनदा दिला होता: भर घालण्याआधी आपल्या जुन्या खेळाची प्रत दुसरीकडे ठेवा, नाहीतर आजवरचा खेळ पुसला जाईल. लोक खाली लिहून चिडवत, 'काका, आधी नारळ फोडू का?' मामा गंभीरपणे उत्तर देत, 'फोडा, पण कीबोर्डपासून लांब.' त्यांच्या पानावर विसंबून कुणाचा खेळ बुडाला नव्हता. मामांचा मोठेपणा म्हणायचा तर एवढाच, आणि तो त्यांना पुरत होता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर कॉम्प्युटर बंद केला. त्यांनी वहीत लिहून ठेवलेल्या दुरुस्त्या पानावर चढवायचं काम माझ्याकडे आलं, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच नावाने. मी ऑफिसात परिपत्रकं लिहितो; पाल्हाळ दिसला की माझा हात शिवशिवतो. पहिल्या दिवशी तो इशारा दोन ठिकाणी मी पुनरुक्ती म्हणून काढला. दोन दिवसांनी पुन्हा बसलो तेव्हा तिसरा दिसला. 'हे वर येऊन गेलंय की' असं वाटलं आणि तोही काढला. वर जाऊन बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तक्रारी आल्या. अँटॉप हिलच्या एकाने लिहिलं, 'काका, तीन वर्षांचा खेळ गेला. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.' मामांनी पानाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक बदलाची तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव राहतं. तारखा ऑपरेशननंतरच्या होत्या, नाव मामांचं. त्यांनी इशारा परत घातला आणि मला फोन केला.

"जावयबापू, ती ओळ तुमी तर काढलात नाय मां?"

"नाही हो, मामा."

विचार करायच्या आत तोंडातून गेलं. ओळ परत आली, विषय मिटला, अशी मी मनाची समजूत घातली. पन्नाशीच्या माणसाला ओरडा खायची इतकी भीती असते, हे मलाही नवीन होतं.

जावई खोटं बोलणार नाही, ही मामांची श्रद्धा. मग उरलं कोण? डॉक्टरांचं न ऐकता ते दोनदा चोरून कॉम्प्युटरवर बसले होते, ते त्यांना आठवत होतं. ओळ काढल्याचं आठवत नव्हतं. आणि त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःची खोली विसरून दुसऱ्यांची दारं ठोठावत असत. मामांनी लिहिणं बंद केलं. बायको त्यांना भेटून आली ती रडवेली होऊन.

"अहो, मामा सकाळी काय खाल्लं ते वहीत लिहितात आणि संध्याकाळी आठवतंय का बघतात. काल पोहे लिहिले होते, त्यांना उपमा आठवला."

"वय झालं आता," मी म्हणालो. आयुष्यात मी याहून नीच वाक्य बोललेलो नाही.

त्यानंतरही चार दिवस मी गप्प होतो. मामांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आणि सोबतीला मलाच बोलावलं. त्या सकाळी गेलो, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेला बसले होते. भिंतीवर एक नवा कागद होता. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव, खोलीचा नंबर आणि माझा फोन.

"थंय तारीख-वार इचारतत म्हणे," ते म्हणाले. "मी पाठ केलंय. पण पाठ केलेला चालता काय?"

मी त्यांच्यापुढे फरशीवरच बसलो. "मामा, ती ओळ मी काढली. तिन्ही ठिकाणची. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुम्हाला काही झालेलं नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे मी नाय?" त्यांनी विचारलं, आणि मग आणखी हळू, "नक्की मां? की माका बरा वाटाचा म्हणान सांगतास?"

माझ्या खऱ्यावरही आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी उठलो, कॉम्प्युटर सुरू केला, पानं लिहिणाऱ्या त्या मंडळींत माझ्या नावाने दाखल झालो. मामा पाठीमागे येऊन उभे राहिले आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने एकेक अक्षर वाचू लागले. ज्यांचे खेळ गेले होते त्या सगळ्यांना दिसेल अशा जागी, तक्रारींच्या खाली, मी लिहिलं:

'इशारा मी काढला, काकांच्या नावाने. त्यांनी विचारल्यावर नाकारलं, कारण मी घाबरलो. ज्यांचं नुकसान झालं त्यांची मी माफी मागतो. मामा, तुमची सगळ्यात जास्त. तुम्ही काहीही विसरला नव्हता.'