बोटाखालची ओळ

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. मुलींनाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढा भाग गाळूनच बोलते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. आता तुम्हाला सांगते आहे. का, ते मला विचारू नका. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कदाचित माझं वय झालं म्हणून. कारण काही का असेना.

सुरुवात मांजरापासून करावी लागेल. तुम्हाला हसू येईल, येऊ द्या. त्या मांजरापायी आम्हीही पोट धरून हसलो आहोत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. निपाणीत आमच्या गल्लीच्या टोकाला बायजाकाकूंचं घर, आणि त्यांच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, विड्या वळायला बसणाऱ्या नऊ बायका. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, दोरा. सकाळी बसल्या की दिवस मावळेपर्यंत हात चालू. हात गुंतलेले, पण कान मोकळे ना? मी सतरा-अठराची, सातवी पास. त्या सोप्यावर वाचता येणारी मी एकटीच — असं सगळ्या समजत होतो. म्हणून मला वाचायला बसवलं. मी वाचायचं आणि माझ्या वाटणीच्या विड्या त्यांनी आपसात वळून द्यायच्या, असं ठरलं होतं.

बाजारातल्या वाचनालयातून मी आधी पोथ्या आणल्या, मग सामाजिक कादंबऱ्या. त्यात सारख्या बायका रडायच्या. आमच्या बायका म्हणाल्या, रडायला घरी काय कमी हाय? मग एकदा हळदीचं पुस्तक हाती लागलं. हळदी म्हणजे पिवळी मांजर. तिची मालकीण एक म्हातारी, शाळेतून निवृत्त झालेली हेडबाई. डोंगरातलं लहानसं गाव. गावात काही ना काही हरवायचं, नाहीतर कुणीतरी कुणाच्या लोणच्यात काहीतरी कालवायचं. हेडबाई चहा करायची, लोकांना घरी बोलवायची, गोड बोलून एकेक गोष्ट काढून घ्यायची. आणि शेवटच्या पानांत सगळे एका खोलीत बसले की हळदी यायची, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि ज्यानं केलं त्याच्याकडे पाठ करून बसायची. बस्स. तो माणूस रडायचा, हेडबाई त्याला चहा द्यायची, सगळं जिथल्या तिथं.

काय वेड लागलं होतं म्हणून सांगू! एक पुस्तक आठवडाभर पुरवायचं, म्हणून मी रोज थोडं थोडं वाचायची. पाठ कुणाकडे होणार यावर बायका वाद घालायच्या. आज मला कळतं त्यांना काय आवडायचं. तिथं कुणी मरत नव्हतं. गेलेली वस्तू परत यायची. चूक करणारासुद्धा शेवटी त्याच खोलीत बसून चहा प्यायचा. आमच्यापैकी कुणाच्या आयुष्यात असं घडलं होतं? माझ्या तरी नाही. मी त्या गावात मनानं राहायला गेले होते. खरं दुःख काय असतं ते मला ठाऊक असूनही मी मानू लागले होते, की जगात सगळं शेवटी चहावर मिटतं.

नऊ जणींत एक हौसाक्का होती. बौद्धवाड्यातली. नवरा वारलेला, एक लहान मुलगी, सुजाता. हौसाक्का पायरीजवळ, सगळ्यांच्या कडेला बसायची. तिचा पेला वेगळा, सोप्याबाहेरच्या भिंतीतल्या देवळीत पालथा घातलेला. त्यात वरून पाणी ओतायचं. दुपारी आम्ही सगळ्या काकूंच्या स्वयंपाकघरात भाकरी सोडायचो आणि ती सोप्यावरच एकटी जेवायची. हे कुणाला वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. हे मी ओघात सांगते आहे असं वाटेल, पण सगळं त्यातच आहे.

आता येते मुद्द्यावर. येते — थांबा जरा.

काकूंचा कान पिकला होता, म्हणून त्यांनी एक कुडी काढून आतल्या देवळीत ठेवली होती. सोन्याची, मोत्यांची, त्यांच्या आईची आठवण. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आले. काकू विहिरीवर गेल्या होत्या. पाणी प्यायला आत गेले आणि कुडी दिसली. आणि मला सुचलं, की आपल्या सोप्यावरही एक रहस्य झालं तर? काकूंची मांजर होतीच. मी कुडी एका चिंधीत बांधली, बरोबर सुकटीचा तुकडा ठेवला आणि सोप्याच्या कोपऱ्यातल्या पोत्यात तळाशी खुपसली. पोतं पानांच्या कातरणाचं. ते भरलं की बायका पाळीपाळीनं चुलीसाठी घरी न्यायच्या. भरायला अजून चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक संपणार होतं. शेवटचं पान वाचून झालं की मांजर सोडायची, ती सुकटीच्या वासानं पोत्याशी जाणार, कुडी सापडणार, सगळ्या टाळ्या पिटणार. एवढंच. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं — हे खरं आहे, पण त्याचा आता काही उपयोग नाही.

दुपारी काकूंना कळलं. गदारोळ झाला. सगळ्यांनी लुगड्याचे ओचे झटकून दाखवले, सुपं पालथी केली. मी मनातून खूश होते. काकू मात्र आईच्या नावानं रडायला लागल्या, तसं माझं हसू आटलं. तरी, एक दिवसाचा तर प्रश्न, म्हटलं.

संध्याकाळी मी वाचनालयात गेले. माझ्या माघारी काकूंनी सोपा सारवायला काढला आणि अर्धंच भरलेलं पोतं हौसाक्काला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर कोपरा रिकामा. पोतं कुणी नेलं ते विचारलं, तर हौसाक्कानं, म्हणाल्या. तिनं ते चुलीत रिकामं केलं असलं तर? काकूंचे मालक, आप्पा, दारात उभे होते. संध्याकाळपर्यंत कुडी मिळाली नाही तर पोलिसात जाणार आणि ही विड्यांची बैठकही बंद करणार, असं ते बजावत होते. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. गंमत म्हणून मी ठेवली, पोत्यात आहे. शिव्या बसल्या असत्या, आईनं बडवलं असतं. आणखी काय झालं असतं?

मी पुस्तक उघडलं.

त्या पुस्तकात एका बाईची अंगठी हरवली होती. छापलेला शेवट असा, की अंगठी कुणी घेतलीच नव्हती. तिच्याच शिवणाच्या डब्यात ती घरंगळली होती. हळदी त्या डब्यावर जाऊन बसते आणि या वेळी कुणाकडेच पाठ करत नाही. मी ते पान समोर धरलं आणि वाचलं काय? हळदी चुलीपाशी गेली. सरपणाच्या ढिगावर बसली. अंगठी सरपणात होती. मला एवढंच हवं होतं — कुणालातरी पोतं आठवावं, जाऊन बघावं, कुडी मिळावी. पण पुस्तकाची रीत बायकांना पाठ होती. काकू म्हणाल्या, “आन् पाठ कुणाकडं केली?”

मी वाचलं, “सरपण घरी नेणाऱ्या बाईकडे.”

जीभ अडखळली नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. अशा वेळी लोक म्हणतात, घाबरून तोंडून निघून गेलं. नाही. पोतं दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असतं — काकूंच्या जावेच्या, नाहीतर माझ्या मावशीच्या — तर मी असं वाचलं असतं का? तेव्हा मी खरं सांगून टाकलं असतं. हौसाक्काच्या घरी गेलं होतं म्हणून मला ते वाचता आलं. पटायला सोपं जाईल, हे माझ्या सतरा वर्षांच्या डोक्याला कुणी न शिकवता कळलं होतं.

हात थांबले. सगळ्यांची तोंडं पायरीकडे वळली. हौसाक्का माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. मग सूप खाली ठेवून ती उठली. “चला की,” म्हणाली, “बघा येऊन.” ती पुढे, आम्ही मागे. बौद्धवाड्यात आमच्यापैकी कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं. झडती घ्यायला मात्र सगळ्या गेलो. चुलीशेजारी पोतं तसंच होतं. उलटं केलं, तर चिंधी पडली. चिंधीत कुडी. चोर सोन्याबरोबर सुकट कशाला बांधून ठेवेल, हे कुणी विचारलं नाही. दारात तिची पोर उभी होती, सहा-सात वर्षांची, आणि तिच्यादेखत बायका तिच्या आईला नको ते बोलल्या. मी मागे उभी होते. येताना एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, की पोरीच्या मांजरानं बरोबर सांगितलं. आणि ऐका — मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का कात्री न्यायला आली. पायरीवर थांबली नाही. सरळ वर आली, माझ्या शेजारचं पुस्तक उचललं, पानं उलटली आणि उघडून माझ्यापुढे धरलं. म्हणाली, “म्या वाचलंय ह्ये पुस्तक. त्यात असं न्हाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकू म्हणाल्या, “तू? तू कधी शिकलीस गं वाचाया?”

“मालकांनी शिकवलं, लगीन झाल्यावर. तुमी कुणी इचारलंच न्हाय. दुपारच्याला तुमी आत जाता तवा म्या शेवट वाचून ठेवत्ये. दर पुस्तकाचा.”

म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा चोर तिला आधीच ठाऊक असायचा. तरी ती बाकीच्यांबरोबर तर्क लढवायची, चुकायची, हसायची. मग मला म्हणाली, अगदी हळू, “तुज्या तोंडनं ऐकाया ग्वाड वाटायचं, म्हणून बोलत नव्हते.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “काय गं पोरी? काय लिवलंय खरं? परत वाच.”

हौसाक्कानं बोट ठेवलं. त्या ओळीखाली, बरोबर त्याच ओळीखाली — ‘अंगठी कोणीच चोरली नव्हती.’ तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट, नख तुटलेलं. तिचं बोट आणि माझे डोळे एका ओळीवर होते, आणि त्या सोप्यावर फक्त आम्हा दोघींना ती ओळ वाचता येत होती. दुसरी संधी कुणाला मिळते? मला मिळाली. तिनं स्वतः आणून दिली.

मी वाचलं, “हळदीनं सरपण घरी नेणाऱ्या बाईकडे पाठ केली.”

तिनं बोट काढून घेतलं. कात्री घेतली, देवळीतला आपला पेला घेतला आणि गेली. मला शिवी दिली नाही. एक तरी द्यायला हवी होती.

विड्यांच्या ठेकेदारानं तिला पान-तंबाखू देणं बंद केलं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या सोप्यावर तिला कुणी बसू दिलं नाही. मग ती तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामाला लागली. तिथली धूळ दिवसभर छातीत जाते. काही वर्षांत खोकून खोकून ती गेली, असं मी माहेरी आले तेव्हा कळलं. काकूंनीच सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी भाजी निवडत राहिले.

माझं लग्न उचगावात झालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एकदा बेळगावच्या स्टँडवर उभी होते. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आणि गाडीवरची पाटी कन्नडमध्ये. शेजारी नर्सच्या पांढऱ्या साडीतली एक मुलगी होती, तिला विचारलं, ही गाडी कुठली. तिनं वाचून सांगितलं, उचगावचीच आहे म्हणून. मग बोलता बोलता माहेर कुठलं, कुणाच्या तुम्ही, असं सुरू झालं. मी नाव सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, “तुमीच ना त्या, पुस्तक वाचायच्या? मी हौसाक्काची सुजाता.”

ती रागानं बोलत नव्हती. तिला मोठं करायला आईनं काय काय केलं, ते सांगत होती. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “आई मरस्तवर म्हणायची, म्या न्हाय घेतली. म्हणायची, वाचणाऱ्या पोरीला ठाव हाय, तिला इचार. पर चिंधी आमच्याच घरात घावली, मी डोळ्यांनी बघितली. आईवर इश्वास ठेवावा का न्हाय, मला अजून कळंना झालंय. तुमी हुता तितं. आईनं घेतलीती का वो?”

मी म्हणाले, “लई वर्षं झाली गं. मला न्हाय आठवत.”

“व्हय,” ती म्हणाली. “तेबी खरंच.”

गाडी सुटायची वेळ झाली. गर्दी फार होती. तिनं मला वाट काढून दिली, खिडकीची जागा धरली, माझी पिशवी वर नीट ठेवली आणि खाली उतरून गेली.