गजाननभाऊंना मीम वाचून दाखवताना

“मॅडम, माह्या पोरीनं इंग्रजीत काय लिवलं, वाचून दाखवा न जरा.”

गजाननभाऊ स्टाफरूमच्या दारात मोबाइल पुढे धरून उभे होते. दहावीतल्या पल्लवीचे वडील. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात बकऱ्यांची खरेदी-विक्री करतात. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. “रविवारी साक्षगंध हाये तिचं. ग्रुपवरचं हे पाहुण्यायले दाखवलं, तं त्यायलेबी नाई समजलं. मनलं, मॅडमलेच इचारावं.”

साक्षगंध! म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता आणि घराघरांत मुलींची लग्नं उरकून टाकायची घाई सुटली होती. दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या दोघी सासरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. रिकामा बाक दिसला की मला धडकी भरायची.

मीमचा उद्योग माझाच. मीम म्हणजे एक चित्र आणि त्यावर दोन ओळींची चेष्टा, मोबाइलवर फिरते ती. माझ्या इंग्रजीच्या तासाला मुलं धडा उघडला की जांभया द्यायची, पण मीमवरच्या इंग्रजी ओळी एकमेकांच्या अंगावर पडून वाचायची. म्हणून मी रोज एका मीमची झेरॉक्स भिंतीवर लावायला लागले. मग हळूच त्याच्या शेजारी अर्ध्या पानाची गोष्ट. मुलं तीही वाचायला लागली.

“मॅडम, बोर्डाच्या पेपरात मीम येत नसतं,” हेडसर म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि मुलांनाच मीम करायला सांगितलं.

पल्लवीचं सगळ्यांत भारी होतं. बाजारातल्या बकरीचा फोटो. कोणाचा तरी हात तिचं तोंड उघडून दात पाहतोय. वर ओळ, ‘गेस्ट्स केम फॉर टी.’ खाली, ‘दे चेक्ड माय टीथ.’ वर्ग खदखदून हसला, मी तर पोट धरून हसले. ‘व्हेरी गुड’ दिलं आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिलं.

तेच आता मी मराठीत सांगायला लागले. “वर लिहिलंय, पाहुणे चहाला आले.”

आणि तिथंच मला ते पाहुणे कोण ते कळलं. पोरीनं सगळं लिहून दिलं होतं आणि मी, वाचायला शिकवणारी बाई, हसून मोकळी झाले होते.

“अन् खाली?”

काहीतरी गोड सांगणं सोपं होतं. पण मग रविवारी साक्षगंध होणार. खरं सांगितलं तर? घरी तिला मार बसला तर? कायद्याचं नाव काढलं आणि उद्यापासून तिची शाळाच बंद केली तर? शेवटी मी जे होतं तेच वाचलं. “खाली लिहिलंय, माझे दात पाहून गेले.”

ते हसले. “हा हात तं माहाच हाये. दातावरूनच वय समजते बकरीचं, दोन दात आले का वयात आली...” आणि मधेच थांबले. फोटो मोठा करून पाहिला. “हे बकरी मनते का पल्लवी?”

“पल्लवी.”

त्यांनी मोबाइल खाली केला. मग हळू म्हणाले, “मले काहून नाई सांगतलं तिनं?”

मलाही तिनं तोंडानं कुठं सांगितलं होतं?

“दोन दात आल्याबिगर बकरीचाबी सौदा करत नाई मी, मॅडम,” म्हणाले, मोबाइल खिशात टाकला आणि निघून गेले.

रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही. सोमवारी हजेरी घेताना पल्लवीच्या नावापाशी आले आणि मान वर करायचा धीर होईना. “प्रेझेंट, मॅडम,” ऐकलं तेव्हा डोळे भरून आले. साक्षगंध झालं नव्हतं. तिनं दहावी दिली, पुढं बारावीही.

मीम मी अजूनही करून घेते. मुलं त्यानं वाचायला लागतात, यात शंका नाही. फक्त आता हसून झालं की मी ते पुन्हा एकदा वाचते.